खलाशाच्या पोराचे गलबत

खेळणे मोडण्यासाठीच असते. पोराच्या हातात गेले की त्याचे चाक निघते, शेपूट तुटते, रंग उडतो आणि एक दिवस ते चुलीत किंवा उकिरड्यावर जाते. त्यामुळे खेळण्यांचा इतिहास लिहायला बसले की हाती लागतात ती फक्त वाचलेली खेळणी. कोणाची वाचली आणि कोणाची वाचली नाहीत, हा प्रश्न मग खेळण्यांपुरता राहत नाही.

एकोणिसाव्या शतकातले दोन बाप डोळ्यांसमोर आणा. दोघेही समुद्रावर पोट भरणारे. एक अमेरिकेतल्या न्यू बेडफर्डचा, देवमाशांच्या शिकारीला निघालेला. दुसरा रत्नागिरीकडचा, एखाद्या खाडीकाठच्या गावातला, मुंबईच्या गोदीत जहाजावर चढलेला. अमेरिकन जहाजे झांझिबार, सेशेल्सपर्यंत येत, म्हणजे दोघांनी एकाच हिंदी महासागराचे पाणी पाहिले असणार. दोघांच्या घरी लेकरे होती. पहिल्याने लेकरासाठी केलेले खेळणे आज काचेच्या पेटीत आहे. ते पाहायला लोक तिकीट काढतात. दुसऱ्याने केलेले खेळणे कुठे आहे?

परभणीचा माणूस समुद्राबद्दल का लिहितो, असे कोणी विचारील. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरी, पूर्णा आणि दुधना. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण आपल्या जिल्ह्याचा समुद्राशी अगदीच संबंध नाही असेही नाही. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ आपल्या पाथरीत आहे. पाथरीच्या एका ब्राह्मण कुळकर्णी घराण्यातला मुलगा बहमनी दरबारात मलिक हसन बहरी झाला आणि त्याचा मुलगा मलिक अहमद याने १४९० मध्ये निजामशाही उभी केली. त्या निजामशाहीचे बंदर म्हणजे चौल. अरबस्तानातून येणारे घोडे, हजला जाणारे यात्रेकरू, घाटावरून उतरणारे कापड, हे सगळे कोकणच्या बंदरांतून जाई. दख्खनचा व्यापार ज्यांच्या हातावर तरला ते नाखवे, तांडेल आणि खलाशी मात्र आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच दिसतात.

आधी न्यू बेडफर्डच्या बापाकडे जाऊ, कारण त्याची नोंद सापडते. १८५७ साली एकट्या न्यू बेडफर्डची ३२९ जहाजे देवमाशांच्या मागे होती. एकेक सफर तीन-तीन, चार-चार वर्षे चाले. शिकारीच्या होड्या वल्हवायला माणसे लागत, म्हणून जहाजावर गरजेपेक्षा जास्त हात असत, आणि मासा दिसेपर्यंत त्या हातांना काम नसे. कधी आठवडेच्या आठवडे रिकामे जात. देवमाशाचे दात आणि हाडे जहाजावरच मिळत. खलाशी चाकू आणि सुई घेऊन बसे, दातावर चित्र कोरे, रेघांत काजळी भरे. या कामाला स्क्रिमशॉ म्हणतात. बायकोसाठी लाटण्याची फिरकी, सूत गुंडाळायची घडीची चौकट. लेकरांसाठी भोवरे, डॉमिनोच्या सोंगट्या, बाहुलीचे सामान. घरी परतेपर्यंत पोर चार वर्षांनी मोठे झालेले असे. काही खेळण्यांवर हात फिरायच्या आतच त्यांचे वय निघून गेले असणार. कदाचित म्हणूनही ती न मोडता राहिली.

मोकळा वेळ आणि फुकटचा माल मिळाला की खलाशाचे हात काय करतात, याचा आणखी एक दाखला इंग्लंडमधला. नेपोलियनच्या युद्धांत पकडलेले फ्रेंच खलाशी आणि सैनिक १७९७ ते १८१४ या काळात पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉसच्या छावणीत कैदेत होते. जेवणातल्या मांसाची हाडे उकळून, घासून त्यांनी त्यांची जहाजे, बाहुल्या आणि दांडा फिरवला की हलणारी खेळणी केली आणि छावणीच्या बाजारात विकली. पीटरबरोच्या संग्रहालयात ती आजही आहेत.

आता आपला बाप. इंग्रजांच्या कागदांत त्याचे नाव ‘लास्कर’. शब्द आपल्या ओळखीचाच, फारसी ‘लश्कर’वरून आलेला. आगबोटींच्या मोठ्या कंपन्या डेकवरच्या कामासाठी कोकणी मुसलमान आणि गुजरातचे खारवी घेत, इंजिनाच्या भट्टीपाशी पठाण आणि पंजाबी, तर जेवणघरात गोव्याचे ख्रिस्ती. डेकवर सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, कसाब, सुकाणी, शेवटी साधा खलाशी. स्वयंपाक करणारा तो भंडारी. सारंग, तांडेल, नाखवा ही नावे आज कोकणात हिंदू आणि मुसलमान दोघांचीही आडनावे आहेत. ‘नाखवा’ हा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नावेचा धनी. दर्यावरच्या हुद्द्याने दोन्ही धर्मांच्या घरांना एकच नाव दिले, ही आपल्या सामाजिक इतिहासातली लहान पण बोलकी गोष्ट आहे.

या लास्कराला स्क्रिमशॉ करायला काय मिळत होते? १८९४ च्या ब्रिटिश मर्चंट शिपिंग कायद्याने गोऱ्या खलाशाला जहाजावर राहण्यासाठी माणशी ७२ घनफूट जागा ठरवली होती. हिंदुस्थानी करारावर चढलेल्या लास्कराच्या वाट्याला ३६. हिशेब सोपा आहे: सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच असा खोका. १९०६ मध्ये गोऱ्याची जागा १२० घनफूट झाली. लास्कराला ती वाढ मिळाली नाही. पगार गोऱ्याच्या तिसऱ्या ते पाचव्या हिश्शाइतका. आगबोटीवर पाळ्या लागत, घासणे, रंगवणे, दोर ओढणे कधी संपत नसे. रिकामा वेळ नाही, जागा नाही, हस्तिदंतासारखा फुकट मिळणारा माल नाही. लास्करांच्या हातच्या वस्तू संग्रहालयात का नाहीत, याचे पहिले उत्तर इथे आहे. ते कारागीर नव्हते असा याचा अर्थ होत नाही. कारागिरीला जी दोन हात मोकळी जागा लागते, ती त्यांना कायद्यानेच नाकारली होती.

पण कोकणात दर्यावर जाणारे सगळेच आगबोटीवर नव्हते. आगबोटी आल्यानंतरही कितीतरी वर्षे मचवे, गलबते, फत्तेमाऱ्या शिडांवर चालत राहिल्या. मंगळुरी कौले, तांदूळ, लाकूडफाटा, मीठ, सुके मासे असा माल किनाऱ्याने वर-खाली जाई. या माणसांचे वर्ष वाऱ्याने ठरे. पावसाळा तोंडावर आला की शिडाची जहाजे खाडीत आत घेत, वर ओढत आणि झावळ्यांनी शाकारून ठेवत. घरात आगोटीची भरणी होई, आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला जाईपर्यंत बाप घरी असे. हिंदू कोळी असो की मुसलमान दालदी, वारा दोघांना एकच. कोकणातल्या खलाशाच्या पोरासाठी बाप हा पावसाळ्यात उगवणारा माणूस होता.

माझा अंदाज आहे की आपल्या खलाशांची खेळणी याच महिन्यांत झाली. हातात दोरकाम आणि सुतारकाम होते, पडवीत हत्यारे होती, बाहेर पाऊस कोसळत होता आणि आठ महिने बाप न पाहिलेले पोर गुडघ्याला चिकटून होते.

हा अंदाज पक्का होण्याला एक वस्तू कारण आहे. कॉलेजच्या वसतिगृहात माझ्या खोलीत एक कोकणी मित्र होता. दोघेही मुसलमान, पण तो शाफई आणि मी हनफी. तो घरी फोनवर कोकणी बोले आणि मी दखनी. एकमेकांची भाषा कळायला आम्हाला मराठीचाच आधार होता. एका सुट्टीत मी त्याच्या गावी, दाभोळच्या खाडीकडे गेलो. त्यांच्या माळ्यावर जुन्या जाळ्यांखाली एक गलबत होते, हातभर लांब. त्याच्या पणजोबांनी केलेले. आधी ते शिडाच्या गलबतावर होते, मग कंपनीच्या आगबोटीवर गेले.

ते गलबत मी बराच वेळ हातात धरून पाहिले. तळ एकाच ओंडक्यातून कोरलेला, लाकूड हलके, बहुतेक पांगाऱ्याचे. सावंतवाडीचे चितारीही खेळण्यांसाठी एकेकाळी पांगारा वापरत. तो कोरायला मऊ असतो. पण चितारआळीचे खेळणे बाजारासाठी असते, त्यावर लाखेचा लखलखीत रंग असतो. या गलबताला रंग नव्हता. माशाच्या तेलाचा जुना काळपट थर होता, खऱ्या जहाजाला लावतात तसा. नाळ पुढे झुकलेली, डोलकाठी किंचित पुढे कललेली आणि तिच्यावर तिरकी परबाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात ती लांब काठी. परबाण दोरीने फिरत होती. सुकाणू हलत होते. शीड मात्र नव्या कापडाचे होते.

“शीड प्रत्येक पिढीत बदलतं,” मित्राच्या आजी म्हणाल्या. “माझ्या धन्यांनी त्यांच्या लहानपणी धोतराचं लावलं होतं. याच्या बापानं पिठाच्या पिशवीचं.”

मला तेव्हा एवढेच वाटले की वस्तू सुंदर आहे. पुढे लक्षात आले की ते खेळणे म्हणजे शाळाही होती. तिरक्या शिडाचे जहाज वळवताना परबाण डोलकाठीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. वाऱ्यात ते मोठ्या माणसांनाही कठीण जाते. ज्या पोराने खाडीच्या उथळ पाण्यात हातभर गलबतावर ते शंभरदा केले, त्याला पहिल्या सफरीला काय करायचे ते सांगावे लागत नसेल. बाप पुन्हा निघून गेल्यावरही त्याचा धंदा त्या दोरीतून पोराला शिकवत राही.

सगळ्याच खेळण्यांना एवढी मेहनत लागे असे नाही. कोकणातल्या कुठल्याही पोराला विचारा, नारळीच्या पातीची पिपाणी, साप आणि भिरभिरे करता येते. नारळाची पोय पाण्यात टाकली की तीच होडी. पण ही खेळणी पोरे स्वतः करतात आणि संध्याकाळी टाकून देतात. बापाने केलेले खेळणे वेगळे, कारण ते मागे ठेवायला केलेले असते.

मुसलमान घरांत खेळणी, विशेषतः बाहुल्या आणि प्राणी, चालतात का, असा प्रश्न मला कधीकधी विचारला जातो. सुनन अबू दाऊदमधली एक हदीस या संदर्भात अनेकांना माहीत असेल. पैगंबर (स.) मोहिमेवरून घरी परतले, वाऱ्याने पडदा हलला आणि मागे हजरत आयेशांची खेळणी दिसली. त्यांत कापडाच्या तुकड्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे त्यांनी विचारले. सुलेमानच्या घोड्यांना पंख होते हे ऐकले नाही का, असे उत्तर आले आणि ते खळखळून हसले. धर्मशास्त्राची चर्चा आलिमांनी करावी. मला यात दिसतो तो लांबून घरी आलेला माणूस, जो आल्याआल्या खेळण्याची चौकशी करतो. खलाशांच्या घरांत हे दृश्य दर पावसाळ्यात घडत असेल.

मग ही खेळणी गेली कुठे? कारणे साधी आहेत. देवमाशाच्या दाताला वाळवी लागत नाही, पांगाऱ्याला लागते. कोकणातली दमट हवा लाकूड खाते. मोडके खेळणे सरपण म्हणून चालते, दात चालत नाही. पुढे कुटुंबे मुंबईच्या चाळीत गेली, तिथे माळा नव्हता. १९७० नंतर कोकणातले लोक मोठ्या संख्येने आखातात गेले. घरी येणारा बाप आता हाताने गलबत करत नव्हता, तो बॅगेतून बॅटरीवर चालणारी मोटार काढत होता. पोराला ती जास्त आवडली असेल, यात नवल नाही.

दुसरे कारण मात्र हवेचे नाही, नजरेचे आहे. अमेरिकेत स्क्रिमशॉ गोळा करणारे लोक होते. त्यांतले एक खुद्द राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी. त्यांच्यामुळे १९६० च्या दशकात या वस्तूंची हौस आणि किंमत दोन्ही वाढली. आपल्या नौकांच्या लहान प्रतिकृतीही लंडनच्या संग्रहालयांत आहेत. पण त्या बहुधा जहाजाचा प्रकार दाखवायला घेतलेल्या. चिठ्ठीवर प्रकाराचे नाव असते, करणाऱ्याचे नाव सहसा नसते. अगदी प्राचीन वस्तूंचीही हीच अडचण. लोथलच्या उत्खननात मातीच्या छोट्या नौका मिळाल्या, एकीला डोलकाठी रोवायचे भोक आहे. ते खेळणे होते, नवसाची वस्तू होती की नमुना? सांगणारा कोणी उरला नाही की हातभर नौकेचे हे तिन्ही अर्थ होऊ शकतात.

आणि सांगणारे बरेच जण समुद्रातच राहिले. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१,००० लास्कर होते. त्या युद्धात ३,४२७ लास्कर मेले. मुंबईत मशीद बंदरजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही अशा २,००० हून अधिक नाविकांचे स्मारक आहे. कोलकात्यात हुगळीकाठी १९२४ चे लास्कर स्मारक आहे, ते बंगाल आणि आसामच्या ८९६ जणांचे. या माणसांची नोंद झाली ती मेल्यावर. त्यांच्यापैकी कोणाचे गलबत कुठल्या माळ्यावर वाट पाहत राहिले, याची कुठेच नोंद नाही.

आता उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. जुन्या वस्तूला किंमत आली की गोष्टीही तयार होतात. पश्चिमेत ‘सेलर्स व्हॅलेंटाइन’ नावाच्या अष्टकोनी पेट्या मिळतात, आत शिंपल्यांची नक्षी. खलाशी लांबच्या सफरीत प्रियजनांसाठी त्या करत, असे वर्षानुवर्षे मानले गेले. मग दुरुस्तीसाठी उघडलेल्या एका पेटीत बार्बाडोसचे जुने वर्तमानपत्र सापडले. त्यांतल्या बऱ्याचशा पेट्या बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमधल्या दुकानांत विकत मिळत होत्या. खलाशांनी त्या केल्या नव्हत्या, विकत घेतल्या होत्या. आपल्या मुंबईच्या चोरबाजारातही जहाजांवरचे जुने सामान विकले जाते आणि त्याच्या शेजारीच नवे पितळ जुने म्हणून मांडलेले असते. ‘खलाशाने पोरासाठी केलेले’ असे कोणी सांगितले की भावूक व्हायच्या आधी विचारा: कोणत्या गावचा खलाशी, कोणते पोर?

हा प्रश्न परभणीतही विचारण्यासारखा आहे. फेब्रुवारीत हजरत सय्यद शाह तुराबुल हक यांच्या उर्सात खेळण्यांच्या दुकानांच्या रांगा लागतात, आणि जवळपास सगळा माल कारखान्यातला असतो. पण आपल्याकडेही लांब जाणारे बाप आहेत. गंगाखेड, सोनपेठकडून उसाच्या फडावर जाणारे, महिनोन्‌महिने ट्रकवर असणारे, सौदीत आणि दुबईत खपणारे. ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, पोळ्याचा मातीचा बैल, चिपाडाची चाके लावलेला गाडा, हे करणारे हात अजून जिवंत आहेत. त्यांच्या वस्तू तर पांगाऱ्याच्या गलबताइतक्याही टिकणार नाहीत. एका पावसात संपतील.

संग्रहालय काढा असे मी म्हणत नाही. तुमच्या घरी, माळ्यावर, गावातल्या पेटाऱ्यात घरच्या माणसाने केलेले एखादे खेळणे असेल, तर दिवसाउजेडी त्याचा फोटो काढा. मागे कागदावर चार गोष्टी लिहा: कोणी केले, कोणासाठी केले, तेव्हा तो माणूस कुठून घरी आला होता आणि लाकूड किंवा माती कुठली होती. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून लिहा, आणि या महिन्यात विचारा. माझ्या मित्राच्या आजी आता नाहीत. गलबत आहे, शीड पुन्हा नवे लागले आहे, पण त्याच्या पणजोबांनी ते कोणत्या मुलासाठी केले होते, हे सांगणारे त्या घरात आता कोणी नाही.